पुढच्या शाकारणीची तजवीज

प्रस्ताव

जपानमधील जुन्या शेतकरी घरांच्या गवती छपरांचा जीर्णोद्धार हा विषय निघाला, की सुशिक्षित वर्तुळात एकच भूमिका ऐकू येते. आणि ती इतक्या सद्भावनेने मांडली जाते, की तिच्यातील उथळपणा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती भूमिका अशी : ही घरे सुंदर आहेत, प्राचीन आहेत, परंतु दुर्दैवाने त्यांचे छप्पर गवताचे, म्हणजेच अल्पायुषी आहे. ते दर पिढीला कुजते, म्हणून दर पिढीला शासनाने द्रव्य पुरवावे, कुशल कारागीर हुडकून आणावेत, आणि जमल्यास विज्ञानाच्या साहाय्याने असा काही उपाय काढावा, की हा खटाटोप पुन्हा पुन्हा करण्याची पाळी येऊ नये. या भूमिकेने छपराचे कुजणे हा दोष मानला आहे आणि जीर्णोद्धार म्हणजे त्या दोषाचे परिमार्जन, असे गृहीत धरले आहे.

माझे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. गवती छपराची नश्वरता हाच त्याच्या चिरस्थायित्वाचा आधार होय. ठरावीक मुदतीने ते उतरवून नव्याने चढवावे लागते, म्हणूनच ते चढवण्याची विद्या, त्याला लागणारे गवताचे कुरण आणि त्यापायी एकमेकांच्या दारी राबण्याचे बंधन, ही तिन्ही जिवंत राहतात. ही मुदत ज्या दिवशी रद्द होईल, त्या दिवशी या तिहींचेही प्रयोजन संपेल. हे मान्य केले, तर जीर्णोद्धाराची कसोटीही बदलते. छप्पर पूर्ववत दिसू लागले, एवढ्यावर समाधान मानता येत नाही; आजची शाकारणी पुढच्या शाकारणीची तजवीज करून ठेवते की नाही, हे तपासावे लागते.

विवेचनासाठी मी शिराकावा-गो आणि गोकायामा या दोन शेजारी प्रदेशांतील घरे घेतो. शोगावा नदीच्या खोऱ्यातील या डोंगराळ मुलखात हिवाळ्यात पुरुषभर उंचीहून अधिक बर्फ पडतो, म्हणून तेथील छपरांची दोन्ही पाखी सुमारे साठ अंशांच्या उतारावर, नमस्कारासाठी जोडलेल्या हातांप्रमाणे उभी असतात. या ठेवणीवरूनच त्या शैलीला ‘गाश्शो’ हे नाव पडले. ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा ही तेथील तीन गावे १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाली. तेव्हा कीर्तीच्या बाबतीत या छपरांची उपेक्षा झाली, असे कोणी म्हणू शकणार नाही. उपेक्षा झाली असेल, तर ती, ही छपरे कशाच्या बळावर उभी आहेत, या प्रश्नाची.

१. रचना : सामान्य हातांसाठी योजलेले छप्पर

या घरांचे दोन भाग पडतात, आणि ते दोन निराळ्या प्रकारच्या ज्ञानाने बांधलेले असतात. खालचा मजला, म्हणजे खांब, तुळया आणि त्यांचे सांधे, हे व्यावसायिक सुताराचे काम. त्यात मापाची अचूकता आणि लाकूड जोडण्याचे कसब लागते. त्यावरचे सारे छप्पर मात्र गावकऱ्यांनी स्वतः उभारायचे. मुख्य वाशांची खालची टोके निमुळती तासून आडव्या तुळईतील खाचेत नुसती टेकवलेली असतात. तेथे खिळा नाही, की पाचर नाही. त्यामुळे वाऱ्याने अथवा भूकंपाने धक्का दिला, तर छप्पर किंचित डोलते आणि पुन्हा जागेवर येते. वाशांची परस्परांशी बांधणी भाताच्या पेंढ्याच्या दोराने आणि ‘नेसो’ नावाच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्यांनी केली जाते. या फांद्या ओल्या असताना पिळून बांधाव्या लागतात, आणि वाळल्यावर त्या आवळत जाऊन गाठ पक्की करतात.

शाकारणीचे काम जवळून पाहिले, म्हणजे या योजनेचे मर्म कळते. गवत वळचणीपासून आढ्याकडे थराथराने चढत जाते. एक थर पसरला, की त्यावर आडवी काठी दाबून धरतात आणि हातभर लांबीच्या मोठ्या सुईत दोर ओवून ती सुई गवताच्या जाडीतून आत खुपसतात. आतल्या अंगाला, माळ्यावरच्या काळोखात बसलेला दुसरा माणूस ती सुई धरतो, दोर वाशाभोवती घेतो आणि बाहेरच्याने ओरडून सांगितलेल्या जागी सुईचे टोक परत बाहेर काढून देतो. मग बाहेरचा गडी काठीवर पाय रोवून दोर आवळतो. अखेरीस लाकडी थापीने गवताची टोके ठोकून सारखी करतात. या दोघांपैकी कोणालाही एकट्याने हे काम करता येत नाही, आणि दोघांपैकी कोणीही मोठा कलावंत असण्याची गरज नाही. मात्र दहा जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली शंभर साधी माणसे ते पार पाडू शकतात.

१९३५ साली जर्मन वास्तुविशारद ब्रूनो ताउट याने हा प्रदेश पाहिला आणि या घरांच्या रचनेतील तर्कशुद्धता वाखाणली. त्याची प्रशंसा यथार्थच होती. परंतु त्या तर्काचा एक उत्तरार्ध आहे, आणि तो वास्तुशास्त्राच्या कक्षेत मावत नाही : जे छप्पर पुन्हा पुन्हा उतरवायचे आहे, ते सुटण्यास सोपे आणि अनेक सामान्य हातांना झेपेल असेच बांधले पाहिजे. गाठ सोडता येते. खिळा उपटावा लागतो. रचनेतच पुनरावृत्ती गृहीत धरलेली आहे.

२. कुरण : छपराचा जमिनीवरील अर्धा भाग

एका मोठ्या छपराला लागणारे गवत कोणा एका कुटुंबाच्या शेताच्या बांधावर मिळत नाही. त्यासाठी गावाने डोंगरउतारावर कुरणे राखलेली असत. तेथे वाढणारे उंच, ताठ दांड्यांचे गवत शरद ऋतूच्या अखेरीस, पाने सुकून दांडे कडक झाल्यावर कापायचे, पेंढ्या बांधून उभे करून वाळवायचे आणि वर्षानुवर्षे साठवायचे, अशी वहिवाट होती. या कुरणांवर बहुधा गावाचा सामायिक हक्क असे. कोणी किती कापावे आणि कोणाच्या छपरासाठी कापावे, याचे नियम ठरलेले असत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जपानच्या पर्जन्यमय हवेत गवताळ रान आपोआप टिकत नाही. दरवर्षी कापणी केली नाही, अथवा वसंताच्या आरंभी वणवा लावून ते जाळले नाही, तर काही वर्षांत तेथे झुडपे माजतात आणि पुढे अरण्य होते. म्हणजे कुरण हीसुद्धा माणसाने सतत राबून टिकवलेली वस्तू आहे. छपराची मागणी थांबली, की कापणी थांबते. कापणी थांबली, की कुरण नाहीसे होते. आणि मग पुढे एखाद्याला द्रव्याची कितीही अनुकूलता असली, तरी शाकारण्यास गवत मिळत नाही. उतरवलेले जुने गवतही वाया जात नसे; दशकानुदशके धूर प्यालेल्या त्या गवताचे शेतात खत होई. असा तो व्यवहार पूर्ण होता.

आज शिराकावा-गोच्या छपरांसाठी दूरच्या फूजी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गोतेंबा भागातूनही गवत आणले जाते. त्या बाजूची विस्तीर्ण गवताळ रानेही आपोआप उरलेली नाहीत. तेथे लष्करी सरावाचे क्षेत्र आहे, त्यावर भोवतालच्या गावांचे जुने सामायिक हक्क आहेत आणि दरवर्षी तेथे रान जाळण्याची प्रथा चालू आहे. शेतीच्या व्यवहारातून सुटलेले कुरण तोफखान्याच्या आश्रयाला जाऊन तगावे, हा दैवदुर्विलास जीर्णोद्धाराच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. अंदाजपत्रकात गवत ‘माल’ या सदराखाली येते आणि भाव देऊन निकालात निघते.

३. श्रमाचा जमाखर्च

छपराचे एक पाखे शाकारण्यास शंभर-दोनशे माणसे लागत, आणि बहुधा एका-दोन दिवसांत काम आटोपत असे, कारण उघडे घर पावसाच्या तावडीत फार काळ ठेवता येत नाही. एवढी माणसे मजुरी देऊन आणण्याची ऐपत डोंगरातल्या शेतकऱ्याची नव्हती. त्यासाठी ‘युइ’ ही संस्था होती. आपल्याकडील इर्जिकेची ज्यांना माहिती आहे, त्यांना तिचे स्वरूप निराळे समजावून सांगावयास नको. फरक इतकाच, की इर्जिकेची फेड एकाच हंगामात होऊ शके. युइमधील देणे मात्र पिढ्यांची मुदत घेऊन चाले.

ही संस्था निव्वळ भावनेवर चालत नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कोणत्या घराने किती पेंढ्या गवत आणले, किती दोर दिला, किती माणसे किती दिवस पाठवली, याच्या नोंदी वह्यांत ठेवल्या जात, आणि पुढे त्या घराच्या छपराची पाळी आली, की वही उघडून तितकेच परत दिले जाई. आजोबांनी केलेल्या श्रमाची परतफेड नातवाला मिळे. हा जमाखर्च काटेकोर होता, परंतु त्यात पैशाचे नाणे नव्हते. आणि ज्या व्यवहारात नाणे नाही, त्यातील देणेकऱ्याला गाव सोडून जाऊन मोकळे होता येत नाही. घर, गाव आणि देणे यांची ही गुंफण छपराच्या प्रत्येक गाठीइतकीच खरी होती.

२००१ साली ओगिमाचीतील नागासे घराण्याच्या मोठ्या घराचे छप्पर सुमारे पाचशे माणसांनी मिळून शाकारले, तेव्हा त्याची देशभर वाखाणणी झाली. वाखाणणी योग्यच होती. पण एके काळी जी गोष्ट गावाच्या वहीतील एक नोंद होती, ती आता कौतुकाची बातमी ठरावी, यातच स्थित्यंतराचे परिमाण दिसते. गोकायामात आज बरीचशी शाकारणी स्थानिक वनसहकारी संस्थेचे प्रशिक्षित पथक करते. या पथकाचे काम उत्तम असते. प्रश्न कसबाचा नाही. प्रश्न असा, की मक्ता देऊन काम झाले, म्हणजे रक्कम चुकती होताच सर्व देणी संपतात, आणि शेजाऱ्याच्या पुढील छपराशी घरमालकाचा काही संबंध उरत नाही.

४. धूर : वसतीचा पुरावा

चौथे अंग सर्वांत दुर्लक्षित आहे. घराच्या मध्यभागी ‘इरोरी’ नावाची जमिनीतली चूल असे, आणि तिला धुरांडे नसे. धूर माळ्यावरच्या फटी ठेवलेल्या तक्तपोशीतून वर चढे, तेथे पाळलेल्या रेशीमकिड्यांना ऊब देई, आणि मग गवतातून झिरपत बाहेर पडे. या वाटेवर तो गवत व दोर कोरडे ठेवी, कीड मारी आणि त्यांवर काजळीचे लेपण चढवी. कुटुंब जेवण शिजवत होते आणि त्याच वेळी, त्याची जाणीवही न ठेवता, छपराचे जतन करत होते.

गॅसची शेगडी आली, रेशमाचा धंदा बसला, आणि धूर थांबला. त्याबरोबर छपराचे आयुष्यही घटले, असा या प्रदेशातील सर्वसाधारण अनुभव आहे. मिबोरो धरणाच्या बांधणीच्या काळात शोगावा खोऱ्यातील जी घरे हलवावी लागली, त्यांपैकी यानोहारा घराण्याचे घर योकोहामाच्या सांकेइएन उद्यानात पुन्हा उभारले गेले. तेथे आजही चुलीत लाकडे पेटवली जातात, कारण त्याशिवाय छपराची धडगत नाही. परंतु त्या चुलीवर कोणाचे जेवण शिजत नाही. घरात राहण्याने जे काम फुकट होत असे, ते आता कोणाची तरी नेमणूक करून करवून घ्यावे लागते.

५. मुदत : एका पिढीचे माप

आता या चारही अंगांना जोडणारा दुवा पाहू. गवती छप्पर साधारणतः तीस ते चाळीस वर्षे टिकते; उन्हापासून वंचित पाखे आधी शेवाळते आणि आधी कुजते, म्हणून एकाच वेळी सगळे छप्पर न उतरवता एकेक पाखे घेण्याची चाल आहे. मधल्या काळात जेथे गवत झिजेल, तेथे नव्या पेंढ्या खोचून डागडुजी करतात, आणि आढ्याची देखभाल तर वारंवार चालते.

हे माप माणसाच्या आयुष्याशी विलक्षण जुळते. आपल्या घराच्या एकाच पाख्याच्या बाबतीत माणूस पोरवयात पेंढ्या वाहून देतो, ऐन उमेदीत छपरावर चढतो आणि उतारवयात खाली उभा राहून काय चुकते ते सांगतो. त्यातच वीस-पंचवीस घरांच्या गावात जवळजवळ दरवर्षी कोणाचे ना कोणाचे पाखे निघते, म्हणून ही विद्या विसरण्यास कोणालाच अवसर मिळत नाही. छप्पर शंभर वर्षे टिकले असते, तर दोन शाकारण्यांच्या मध्ये शिकवणारा मरून गेला असता. पाच वर्षेच टिकले असते, तर गावाचे कंबरडे मोडले असते. कुजण्याची गती आणि शिकवण्याची गती यांचा हा मेळ कोणी मुद्दाम घातला, असे मी म्हणत नाही. परंतु तो मेळ मोडण्याचा आग्रह धरणाऱ्याने आपण काय मोडत आहोत, हे जाणले पाहिजे.

आक्षेप आणि उत्तरे

*पहिला आक्षेप : हे दारिद्र्याचे उदात्तीकरण आहे.* युइ ही निरुपायाची संस्था होती. तीत सक्ती होती, गावाच्या रोषाचे भय होते, आणि बर्फाने कोंडलेल्या खोऱ्यातील माणसाला दुसरा मार्गच नव्हता. हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. ज्या तरुणाने त्या वहीतून सुटण्यासाठी ओसाका अथवा तोक्यो गाठले, त्याला दोष देण्याचा अधिकार पुणे-मुंबईच्या आरामखुर्चीतून कोणाला पोहोचत नाही. परंतु संस्था कठोर होती, एवढ्यावरून तिच्यावाचून छप्पर टिकेल, असे सिद्ध होत नाही. जुनी सक्ती नको असेल, तर तिचे काम करणारे नवे, स्वेच्छेचे बंधन निर्माण केले पाहिजे. ओगिमाचीच्या रहिवाशांनी १९७१ साली एकत्र येऊन घरे विकायची नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, मोडायची नाहीत, असा तिहेरी नियम स्वतःवर लादून घेतला. संरक्षित क्षेत्र म्हणून शासनाची निवड त्यानंतर, १९७६ साली आली. क्रम ध्यानात घ्यावा : आधी गावाची कबुली, मग सरकारी शिक्कामोर्तब.

*दुसरा आक्षेप : अनुदान आणि पर्यटन यांनी काम भागते.* भागते, हे खरे. आणि मियामासारख्या गावी तरुण मंडळी शाकारणी हा व्यवसाय म्हणून शिकत आहेत, हे स्वागतार्हही आहे. २०२० साली युनेस्कोने लाकडी वास्तूंच्या जतनाच्या जपानी विद्यांची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली, तीत गवती शाकारणीबरोबर तिच्यासाठी गवत तयार करण्याची विद्याही अंतर्भूत आहे. म्हणजे शासनव्यवहारालाही छपराचा जमिनीवरील भाग दिसू लागला आहे. माझे म्हणणे एवढेच, की पर्यटकाला छपराचे बाह्य रूप पुरते. उद्या एखाद्याने हुबेहूब दिसणारे कृत्रिम गवत पुरवले, तर पर्यटनाच्या हिशेबाने काहीच कमी होणार नाही. ज्या हिशेबात खरे आणि खोटे यांची रक्कम सारखीच येते, त्याच्या भरवशावर वारसा सोपवणे शहाणपणाचे नाही.

*तिसरा आक्षेप : सारे गवत बदलले, तर उरले काय?* दगडी स्मारकांवर पोसलेल्या विचाराला हा प्रश्न स्वाभाविक वाटतो. १९९४ साली नारा येथे भरलेल्या परिषदेने त्याला दिशा दिली : अस्सलपणाचा निवाडा त्या त्या संस्कृतीच्या चौकटीत, आणि द्रव्याप्रमाणेच उपयोग, परंपरा व तंत्र यांच्याही आधारे व्हावा. या संदर्भात दर वीस वर्षांनी नव्याने उभारल्या जाणाऱ्या इसे येथील देवालयाचा दाखला नेहमी दिला जातो. तो मला अपुरा वाटतो. इसेला स्वतःचे वन आहे, गवताचे राखीव रान आहे, पुरोहितवर्ग आहे आणि राष्ट्राची श्रद्धा आहे. शेतकऱ्याच्या छपराला यांपैकी काहीही नव्हते. होते ते शेजारी. म्हणून देवालयाचे नूतनीकरण विधी म्हणून टिकू शकते. घराचे मात्र व्यवहार म्हणूनच टिकेल.

*चौथा आक्षेप : अग्नी आणि कायदा.* गवत जळते. १९५० च्या बांधकाम कायद्याने नेमून दिलेल्या क्षेत्रांत छपरे अग्निप्रतिबंधक असावीत, असा दंडक घातला, आणि त्याच्या पुढील दशकांत खेडोपाडी असंख्य गवती छपरांवर पत्र्याचे आवरण चढले. पत्र्याची मी निंदा करत नाही. त्याच्याखाली अनेक जुने सांगाडे आजवर सुरक्षित राहिले आहेत, आणि एकट्या पडलेल्या वृद्ध घरमालकाला दुसरा उपायही नव्हता. परंतु आगीच्या प्रश्नाला ओगिमाचीने दिलेले उत्तर पाहावे : घराघरांमधून पेरलेले पाण्याचे फवारे, त्यांची दरसाल शरदात होणारी चाचणी आणि गावकऱ्यांनी पाळीपाळीने घातलेली गस्त. नळ यंत्राचा आहे. तो उघडणारा हात मात्र शेजाऱ्याचाच आहे. धोका टळला तो छप्पर बदलल्याने नव्हे, गाव जागे राहिल्याने.

निर्णय

जपानमध्ये २०२३ च्या गणनेनुसार सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. त्यांतील जुनी शेतकरी घरे विकत घेऊन त्यांना नवे रूप देण्याची हौस आता देशी-विदेशी धनिकांत वाढते आहे. १९७३ साली इया खोऱ्यातील ओसाड घर घेऊन ते पुढे गवताने शाकारणारा अमेरिकन लेखक ॲलेक्स कर हा या मार्गाचा आद्य प्रवासी म्हणता येईल. त्याची निष्ठा निःसंशय होती आणि त्याच्या लेखनाने अनेकांचे डोळे उघडले. परंतु व्यक्तीची निष्ठा एका छपरापुरती पुरते. कुरण राखणे आणि फेडीची वही चालवणे हे एकट्याचे काम नाही.

म्हणून जीर्णोद्धाराला द्रव्य देणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती सरकारी असो वा खाजगी, मंजुरीच्या कागदावर चार प्रश्न लिहावेत, असे माझे मत आहे. पुढच्या शाकारणीचे गवत कोणत्या रानात वाढते आहे, आणि ते दरसाल कोण कापते? आजच्या कामावर गावातील किती तरुणांनी हात चालवला? या घरात चूल पेटते काय? आणि ज्यांनी आज श्रम दिले, त्यांच्या छपरासाठी हा घरमालक केव्हा आणि कशाने बांधला गेला आहे? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर छपरावर एखादी पेंढी वाकडी बसली तरी हरकत नाही. ती नसतील, तर कितीही रेखीव शाकारलेले छप्पर तीस वर्षांच्या कराराने भाड्याने आणलेले आहे, असे समजावे.